काचेपलीकडचं ऊन

शेजारचं बांधकाम सुरू झाल्यापासून घराच्या खिडक्या बंद होत्या. धुळीनं लेकीला धाप लागायची.

"अहो, पण घरात ऊन भरपूर येतं," आई रक्ताचा अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. डी जीवनसत्त्व इतकं कमी असलं, की दमा जडण्याचा धोका वाढू शकतो. औषध देते, पण हिला थोडं बाहेरही सोडत जा."

घरी आल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. हात खिडकीच्या कडीपर्यंत जायचा अन् माघारी यायचा. तेवढ्यात लेकीनंच खिडकी वीतभर सरकवली आणि बाहुलीला बाहेर उन्हात बसवलं.

"अगं, धूळ बसेल तिच्यावर!"

लेकीनं खिडकी पुन्हा नीट लावून घेतली.

"बसू दे. तिची आई सोडते तिला."