बंदरकाकांची भीड

"मावशी, हा नियम आज काढला नाहीस, तर उद्यापासून मी येणार नाही," भाचीने सांगितलं आणि लॅपटॉप मिटला.

मावशी चष्मा पुसत राहिली. नियम तिनेच तरुणपणी घातलेला. लिस्प या संगणकभाषेतल्या प्रोग्रामांचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे, कोणते नव्याने बांधायचे, हे ठरवणारं साधन तिच्या हातचं. ठिकठिकाणचे लोक ते वापरत. एका तुकड्याला धक्का लागला, की सगळंच पहिल्यापासून बांधायचं, असा तो नियम. त्यापायी लोक ताटकळत, वैतागत, आणि एकेक करून दुसऱ्या साधनाकडे वळत. भाचीने नवी, चपळ पद्धत लिहून तयार ठेवली होती. तिच्यात एकच प्रोग्राम अडत होता. कुठल्याशा बंदरावरच्या एका गृहस्थांचा, भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा.

"तुझ्या त्या बंदरकाकांना एकदा विचार तरी."

"विचारलं की माणूस भिडेला पडतो. चालतं काम मोडून बदल करत बसेल बिचारा. आपलं यंत्र रोज सकाळी त्यांच्याकडून तो प्रोग्राम आणून बांधून बघतं. तो त्यांच्याकडे मिळाला नाही, असा एक दिवस नाही. वापरात असल्याशिवाय कोणी इतकं सांभाळतं का?"

"बरोबर आहे. त्यांची भीड. मी काय, घरचीच."

मावशीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिची नजर अधू होत चालली होती. तिच्यामागे हे साधन हाती घेणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते दोघींना ठाऊक होतं. भाची जिना उतरून गेली. पुढे तिने दुसरीकडे नोकरी धरली. तिच्या खुर्चीवर धुतलेले टॉवेल साठू लागले.

अक्षरं कितीही मोठी केली तरी दिसेनात, तेव्हा मावशीने साधनाच्या इंटरनेटवरच्या पानावर दोन ओळी टाकल्या: आता माझ्याच्याने होत नाही. याच्यापुढे यात काही बदल होणार नाहीत.

दुपारी फोन वाजला. थकलेला, अदबशीर आवाज.

"तुम्ही मला ओळखणार नाही. तो भरती-ओहोटीचा प्रोग्राम माझा."

"ओळखत नाही कशी?" मावशी खुर्चीत सावरून बसली. "अहो, मुळीच काळजी करू नका. तुमचं काही मोडणार नाही. तेवढं मी बघितलंय."



"तसं नव्हे, बाई. तुम्ही काम थांबवताय असं वाचलं, म्हणून धीर करून विचारतो. आमचं बंदर कधीच बंद झालं. तो प्रोग्राम मी स्वतः कित्येक वर्षांत उघडलेला नाही. पण तुमच्याकडून रोज सकाळी कोणीतरी तो नेतं. म्हटलं, इतक्या नेमाने नेतात, तर लागत असेल. तेवढ्यासाठी जुनं यंत्र चालू ठेवलंय. आता बंद केलं, तर तुमचं काही अडणार नाही ना?"