ग्रहणातली गाठ

"बाळाच्या आतड्याभोवती स्वादुपिंडाचं कडं आहे," मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "म्हणून दूध खाली उतरत नाही." बाळाची आई मथुरा पुढे झाली. "ती गाठ मियाच मारलंय, डाक्टरांनू," ती म्हणाली. "गरवार बायलेन ग्रहणात गाठ मारूची नसता. तरी मी जाळा सांधलंय." "कितव्या महिन्यात?" "सातव्या." डॉक्टर हसले नाहीत. "हा अवयव आधी दोन कोंब असतो. एक कोंब आतड्याला वळसा घालून दुसऱ्याला मिळतो, दोघांच्या नळ्या जुळतात. याचा कोंब अर्ध्या वाटेत अडकला. हे दुसऱ्याच महिन्यात घडतं, बाई. तेव्हा दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं. आणि कडं आम्ही कापणारसुद्धा नाही, त्यातून नळी जाते. बाजूने आतडं जोडून दुधाला वाट करून देऊ." मथुराने वळून नवऱ्याकडे, लवूकडे बघितलं. घरी त्याने विचारलं होतं, नेमकी कुठली गाठ? तिला आठवलं नव्हतं. मग पोटापाण्याचं ते एकुलतं सुती जाळं मांडीवर घेऊन लवू देवबागच्या घराच्या पडवीत बसला आणि दाभणाने एकेक गाठ सोडवत गेला, जाळ्याचा नुसता सुताचा ढीग होईपर्यंत. तरी बाळाची उलटी थांबली नव्हती. आता दाराशी उभ्या लवूने सोलवटलेली बोटं समोर धरली. "माका वाटला," तो म्हणाला, "येखादी गाठ सोडवूची रवली."