भुईनीमचा काढा

"थांब मावशी! तिले देऊ नको!" रंजिता फाटकातूनच ओरडली.

काढ्याचा पेला धरलेला देवकाबाईचा हात सुनेच्या तोंडाजवळ थबकला. अंगणात तापाचे आठ-दहा लोक बसले होते. सगळ्यांच्या माना वळल्या. भुईनीमच्या काढ्यासाठी पार अर्जुनी मोरगावाहून माणसं देवकाबाईच्या दारी येत. तो काढा असा भर अंगणात आजवर कोणी अडवला नव्हता.

सून दुर्गा ओट्यावरच्या बाजेवर बसली होती. पाचवा महिना. दोन गोधड्या पांघरूनही तापानं कुडकुडत होती.

रंजिता गावचीच, ताराचंदची मुलगी. नागपूरला औषधी वनस्पतींवर संशोधन करायची. देवकाबाईच्या भुईनीमच्या अर्कानं प्रयोगशाळेत काचेच्या बशीतले मलेरियाचे जंतू मेले, ही बातमी मागल्या साली तिनंच पेढ्यांसकट आणली होती. तेव्हापासून अंगणातली गर्दी दुप्पट झाली होती.

"तूच म्हनलं होतं ना, जंतू मरतेत म्हून?" देवकाबाई म्हणाली.

"मरतेत. आजही तेच सांगून राहिली मी."

"मंग?"

"जंतू मारनं येगळं, अन् पेनाऱ्याले न बाधनं येगळं. ते आता तपासलं आमी. गाभण उंदरिणींले अर्क देल्ला. निम्म्यांची पिल्लं पोटातच गेली."

देवकाबाई हसली. "उंदरं अन् मानसं एक आहेत का व? इतकी वर्सं देऊन राहिली मी. मेलं का कोनी?"

"मोठं मानूस नसन मेलं, मावशी. पोटातलं कोनी मोजलं?"

देवकाबाईनं दुर्गाकडं पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडं. ती ओटा उतरून रंजिताच्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन सालाआधी हिचं गेलं. तवाही तापच होता. तवाही म्याच काढा..."

येताना एसटीत रंजितानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. खोटं बोलून म्हातारीचं मन राखणं सोपं होतं. तिनं देवकाबाईचा हात हाती घेतला.

"नुसत्या तापानंही जाते, मावशी. त्या वक्ती कायनं गेलं, ते मले नाही सांगता येत. कोनालेच नाही येत. म्हून तं आता देऊ नको."

"अन् ताप? तो तं अंगात आहे ना तिच्या!"

"दवाखान्यात रक्त तपासू. पोटुशीले चालते असं औषध हाय तेथं. मुन्नालालचा ऑटो रस्त्यावर उभा करूनच आली मी."

देवकाबाईनं पेला मोरीत उपडा केला आणि सुनेला काखेत हात घालून उठवलं. रंजितानं दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून दुर्गाला ऑटोत बसवलं. देवकाबाईही चढायला निघाली. पण पायरीवर पाय ठेवून थांबली आणि अंगणाकडं वळली. आवाज तिचा नेहमीचा, गावाला दटावणारा होता.

"आयका व बायाहो! कोनी पोटुशी असन तं लाजू नका. काढा मिळनार नाही. या गाडीत बसा."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. मग भिंतीशी बसलेल्या अनुसयाबाईची सून उठली. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, तापानं चेहरा लाल झालेली. अनुसयाबाईनं तिचा पदर धरून ओढला.

"तू कायले उठून राहिली व?"

सुनेनं पदर सोडवून घेतला, डोक्यावरून नीट ओढला आणि दुर्गाशेजारी जाऊन बसली.