बिनपट्ट्याचा पंप

तापमानाचा काटा एकशे बारावर.

उपांत्य फेरी जिंकून सुलक्षणाने इंजिन बंद केलं, तरी बॉनेटखालचा विजेचा पंप पाणी फिरवतच राहिला. अंतिम शर्यतीला दहा मिनिटं होती.

“बॅटरी खाणार गं हे खेळणं!” दस्तगीरमामा हसले. तिला मेकॅनिक त्यांनीच केलेलं. अंतिम शर्यतही त्यांच्याशीच. त्यांचीही गाडी नुकतीच धावून, इंजिन बंद करून उभी; पण त्यांचा पंप पट्ट्यावर चालणारा, इंजिनाबरोबर थांबणारा.

काटा शंभरावर.

“मामा, बंद इंजिनात तुमचं पाणी उकळेल.”

“आम्हाला नको शिकवूस.”

काटा ब्याऐंशीवर.

शिट्टी झाली. दोन्ही गाड्या सुटल्या. अर्ध्या वाटेत मामांच्या बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. तिची गाडी सुसाट रेषेपार गेली.

मामा धावत तिच्या खिडकीशी आले. “जिंकलीस, पोरी! आता इंजिन बंद कर. तो पंप ऐकू दे मला.”