तिळाचा पाव

अबू ग़ालिबने वळणावरच गाडी थांबवली.

"पुढे चौकी टाकलीये," काचेतून डोकावत तो म्हणाला. "पहाटे याच रस्त्याने आलो, तेव्हा नव्हती मेली. तू उतर, पोरी. पायी पार हो, पलीकडे दुसरी गाडी मिळेल. मी अडकलो तर माझा दिवस गेला."

हनादी उतरली. चार वर्षांच्या तय्यिमला कडेवर घेऊन तिने दवाखान्याचा कागद छातीशी आहे ना ते चाचपलं. कागदावर अकराची वेळ होती. परदेशातून आलेला डोळ्यांचा डॉक्टर आज रामल्ला शहरात होता आणि उद्या परत चालला होता. तय्यिमच्या डाव्या डोळ्यावरचा पडदा आज निघाला नाही, तर पुन्हा कधी, हे कुणीच सांगत नव्हतं.

"आई, पाव."

"आधी डोळा, मग पाव. सगळा तुझा, काळजा."

भूल द्यायची म्हणून त्याला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. तीळ लावलेला कड्यासारखा गोल पाव तिने पिशवीत तळाशी, दोन फडक्यांत गुंडाळून ठेवला होता. तरी वास काही लपत नव्हता. सकाळपासून त्याला हजार थापा मारून झाल्या होत्या.

चौकी म्हणजे रस्त्यात आडवे टाकलेले सिमेंटचे चार ठोकळे, एक जीप आणि तीन शिपाई. माणसं अडवायला एवढं पुरतं. टेकाडावरही काही जण उभे होते, दुर्बिणीसारखं काहीतरी इकडे रोखून. हनादीने तिकडे बघितलंच नाही. रांग दिसली की मागे उभं राहायचं, ओळखपत्र काढायचं, नजर खाली ठेवायची आणि काही विचारायचं नाही, हे ती तय्यिमएवढी असल्यापासून शिकली होती.

तिच्यापुढे अंड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी उभी होती.

"कधीपासून उभ्या आहात, खाला?"

"उजाडल्यापासून. दोनदा त्या ठोकळ्यांपर्यंत गेले, दोनदा माघारी."

"आणि हसताय?"

"मग काय रडू? अंडी काही उबत नाहीत अजून." म्हातारीने तय्यिमच्या गालाला बोट लावलं. "पोराला आणलंस ते बरं केलंस. पोर बघून माणसाचं काळीज हलतं."

हनादीला तिचा राग आला. काही म्हाताऱ्यांचं असं होतं. सोसून सोसून दगड होतात.

तिने वेळ बघायला फोन काढला. नऊ पन्नास.

"आत ठेव तो," म्हातारी कुजबुजली. "मघाशी एकाचा वाजला, केवढा आरडाओरडा झाला."

रांग चार पावलं सरकली. थांबली. पुन्हा दोन पावलं. तय्यिम तिच्या मानेशी कुरकुरत होता. हनादी मनातल्या मनात रस्ता मोजत होती. इथून गाडीने अर्धा तास, जिना चढायला पाच मिनिटं. होईल. अजून होईल.

तेवढ्यात पुढचा शिपाई गरजला, "सगळे माघारी! वळणापर्यंत!"

माणसं मुकाट्याने मागे गेली आणि पुन्हा रांग लावून उभी राहिली. हनादी मात्र गेली नाही. ती सरळ त्या शिपायासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने कागद उलगडला.

"पोराच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे रे. अकराला. मला नको सोडू, पण माझ्या पोराला सोड. त्याला पलीकडच्या कुणाच्या तरी हातात दे, मी इथेच उभी राहते."

शिपाई कागदाकडे बघत राहिला. त्याचा ओठ हलला. मग त्याने तिच्या डोक्यावरून टेकाडाकडे नजर टाकली आणि आवाज चढवला.

"माघारी जा म्हटलं ना!"

भाषा तिच्या गावचीच वाटावी इतकी चोख होती. आपली भाषा येणारे शिपाई जास्त वाईट, असं अबू ग़ालिब म्हणायचा.

"तुलाही आई असेल रे!"

"माघारी!"

तिला रडू फुटलं. तिचं बघून तय्यिमनेही भोकाड पसरलं. रानातून वळसा घालावा, तर टेकाडावरचे बघतच होते. ती वळणापर्यंत गेली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली.

फोन पिशवीत थरथरला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. रांग सोडून ती ऑलिव्हच्या झाडामागे गेली.

"कुठे आहात?" नर्स विचारत होती.

"चौकीवर."

याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

"साडेअकरापर्यंत थांबवते मी त्यांना. तुमच्यानंतर अजून बारा पोरं आहेत, बाई."

साडेअकरा झाले. बारा वाजायला दहा मिनिटं उरली तेव्हा पुन्हा फोन आला. नर्सचा आवाज अगदी हळू होता.

"पुढच्याला आत घेतलं. आजची यादी भरली आता. बाळाला काहीतरी खाऊ घाला."

हनादी झाडाच्या बुंध्याशी बसली. तिने फडकी सोडली आणि पावाचा तुकडा मोडून तय्यिमच्या हातात दिला.

"डोळा झाला?" त्याने विचारलं.

"खा, राजा."

तो दोन्ही गाल फुगवून खाऊ लागला. मांडीवर सांडलेला एकेक तीळ बोटाने टिपून तोंडात टाकू लागला. तिने त्याच्या केसांत तोंड लपवलं.

"अगं बाई, इथे आहात होय!"

एक मुलगी धापा टाकत समोर आली. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात वही. "ताई, तुमचं नाव माझ्या यादीत कसं नाही? सर केव्हाचे शोधतायत तुम्हाला. म्हणाले, अख्ख्या पिक्चरमध्ये एवढं खरं कुणी रडलं नाही. आता जेवायची सुट्टी झालीये, चला. आणि उद्याही याल ना? याच वेळेला, पोराला घेऊन?"

हनादीने मान वर केली. मुलीच्या मागे, रस्त्यात, त्या शिपायाने हेल्मेट काढलं होतं. सिमेंटचा एक ठोकळा काखेत मारून तो शीळ घालत टेंपोकडे निघाला होता.