आत्याबाई लाइनवर हायत

लोहा गाव मागं पडलं आणि अंबिकाच्या हेल्मेटमध्ये फोन वाजला. मागं बसलेल्या बसम्माच्या हेल्मेटमध्येही वाजला.

दोन्ही हेल्मेटांत अंबिकानं ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला इंटरकॉम बसवला होता. कानाशी सारखी खरखर असायची, पण मोटारसायकलवर सासूसुनेला बोलता यायचं आणि फोन आला तर दोघींनाही ऐकू यायचा. लातूर सोडल्यापासून बसम्मा बोलतच होती. नवऱ्याच्या मागं बसून ती जन्मभर गावोगाव हिंडली होती, पण काही बोलायला गेलं की तो म्हणायचा, वाऱ्यात ऐकू येत न्हाई. आज कुणीतरी ‘हाव, आत्याबाई’ म्हणत होतं.

अंबिकानं बटण दाबलं. फोन सासऱ्याचा होता. वीरण्णा दुकान बंद करून जेवायला घरी आला, तर दाराला कुलूप. दोघी कुठं गेल्या असतील, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. विष्णुपुरीला त्याची लेक अंजू बाळंत झाली होती. तिनं घरच्यांचं न ऐकता दुसऱ्या जातीतल्या भारतशी लग्न केलं, तेव्हाच वीरण्णानं बजावलं होतं, तिच्या दारात कुणी जायचं नाही.

सुनेवर तो चिडला नाही. समजावल्यासारखं बोलला. सासू भोळी आहे, तिला काय कळतंय, उद्या भाऊबंद तोंडावर बोलतील. तू आपली गाडी वळव. ती काही म्हणायची नाही. आजवर कधी म्हणाली आहे का?

अंबिकानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“अप्पा,” ती म्हणाली, “आत्याबाई लाइनवर हायत. सगळं ऐकून राहिल्यात.”

तसा वीरण्णाचा आवाज चढला. पुढं गेलीस तर परत या घरात पाय ठेवू देणार नाही, असं त्यानं बायकोला सुनावलं.

बसम्मानं हेल्मेटची काच वर केली.

“आधी तुमी तर आत जावा. चावी शेजारच्या कमलम्मापाशी ठेवलीय. भाकरी दुरडीत हायत. मी माझ्या लेकीकडं चाललेय.”

तिनं खूण केली, अंबिकानं फोन बंद केला. गाडी पुन्हा चालू झाली. मग अंबिकाच्या कानात एक हुंदका आला. तिनं वेग कमी केला.

“हळू कशाला?” बसम्मा म्हणाली. “चल.”

अंजूनं दार उघडलं. आईला बघून ती आधी रडली, मग तिच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत राहिली. अप्पाला माहीत आहे का, असं तिनं हळूच विचारलं. बसम्मानं नुसती होकाराची मान हलवली, हातपाय धुतले आणि भारतला पाणी तापवायला सांगितलं.

न्हाणीत ती पाय लांब करून बसली. नातीला पायांवर घेतलं, इवल्याशा पाठीला तेल चोळायला लागली. दारात उभ्या अंबिकाच्या हातात फोन वाजला. अप्पांचा होता. अंजूचा चेहरा उतरला.

बसम्मानं वर बघितलं नाही.

“सांग त्यांला,” ती म्हणाली, “नातीला न्हाऊ घालून राहिले. पाणी निवतंय.”