डोंगरावरच्या जटा

जपानमधल्या ग्योतोकुच्या एका शाळेत खांद्याखाली केस चालत नसत, आणि ओजस्वीची वेणी तर थेट कमरेपर्यंत. "सोमवारपर्यंत कापून ये," असं वर्गशिक्षक ओनुमा सेन्सेईंनी बजावलं होतं. सोमवारी ती वेणीसकट वर्गासमोर उभी राहिली, भूगोलाचा प्रकल्प सांगायला. विषय होता इंडोनेशियातल्या उंच डोंगरावरचं, बटाटे पिकवणारं एक आडगाव.

"तिथली शेतं ढगांच्याही वर आहेत," ती खणखणीत जपानीत सांगू लागली. "गावातल्या काही मुलांच्या केसांच्या आपोआप जटा होतात. त्या कापा, असं आधी त्या मुलानंच म्हणायचं. तोवर सगळं गाव थांबतं. आणि बदल्यात ते मूल जे मागेल, ते मोठ्यांनी द्यायचंच. एका मुलीनं बोकड मागितला, तोही मिळाला."

वर्गात खसखस पिकली. हा भूगोल आपल्याच दिशेनं येतोय, हे सेन्सेईंच्या लक्षात आलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "मग ओजस्वी-सान, तुला काय हवंय? बोकड सोडून बोल."

"फार काही नाही, सेन्सेई. मला नुसतं एकदा विचारा."

"बरं. केस कापायचे का?"

"नाही," ओजस्वी म्हणाली आणि बटाट्याच्या पिकाकडे वळली.